रात्री लावली, सकाळी अर्धीच: पावसाळ्यात तुटणारं चार्जिंग आणि फुकट बदनाम झालेली बॅटरी

लक्षण आधी सांगते. स्कूटर रात्री साडेनऊला पार्किंगमध्ये चार्जिंगला लावायची. चार्जरचा दिवा लागतो, पंखा घुं घुं करतो, सगळं ठीक. सकाळी खाली उतरावं तर दिवा विझलेला आणि बॅटरी ५४ टक्क्यांवर. कधी ६१, कधी ४७. रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चार वेळा हमखास. जून लागला की हे सुरू होतं, ऑक्टोबरात आपोआप थांबतं. थांबलं की सगळे विसरतात आणि पुढच्या जूनला पुन्हा तेच.

दुसरं लक्षण त्याच्या मागून तीन-चार आठवड्यांनी येतं. काट्यावर २२ टक्के दिसत असताना गाडी रस्त्यातच बंद पडते. माझी पडली जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), अंधेरीहून परतताना, आयआयटीच्या गेटापाशी. संध्याकाळी साडेसात, वर मेट्रोचं काम, खाली गुडघाभर चिखल, मागे हॉर्न. तिथून घरी, कन्नमवार नगरपर्यंत गाडी कशी आणली ते सांगत बसत नाही.

या दोन लक्षणांचा एकमेकांशी संबंध आहे हे मला कळायला दीड महिना गेला. सर्व्हिस सेंटरनं मध्येच निकाल देऊन टाकला होता: "मॅडम, पॅक गेलाय." वॉरंटीत बसेल की नाही ते कंपनी ठरवणार, नाही बसला तर साठ हजारांच्या वर. आणि आमच्या सोसायटीनं तर त्याहून मोठा निकाल दिला होता, की लिथियमच्या गाड्या आवारातच नकोत. दोन्ही निकालांत बॅटरी दोषी होती. प्रत्यक्षात तिचा दोष काडीचाही नव्हता.

माझं काम रुग्णालयातल्या यंत्रांच्या देखभालीचं. व्हेंटिलेटर, मॉनिटर, डायलिसिसची मशीन. त्या धंद्यात एक सवय लागते: यंत्र बिघडलं म्हणून कुणी बोलावलं की आधी भिंतीतला सॉकेट बघायचा. ती सवय घरी वापरायला मला दीड महिना लागला, हे कबूल करते.

पुरत होतं म्हणून कुणी बघितलं नाही

माझा रोजचा फेरा चोवीस-पंचवीस किलोमीटरचा. स्कूटर किलोमीटरला साधारण ३५ वॉट-तास खाते, म्हणजे दिवसाला एक युनिटही नाही. पॅक ३ युनिटांचा. सकाळी ५४ टक्के असले तरी ऑफिसला जाऊन येता येतं. त्यामुळे "आज पण अर्धीच" म्हणून कपाळाला आठी पडायची आणि मी निघायची. इमारतीतल्या बाकीच्या पाच जणांचंही तसंच. पेट्रोलची गाडी अर्ध्या टाकीवर कायम चालवली तर काही बिघडत नाही, मग हिचं काय बिघडणार? बिघडतं. ते पुढे येईलच.

सोसायटीचा वायरमन दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा सकाळी अकराला. त्यानं टेस्टर लावला, दिवा लागला, चार्जर लावला, चालला. "सप्लाय बरोबर आहे, तुमचा चार्जर बघा." खोटं नव्हतं बोलत तो. सकाळी अकराला खरंच सगळं बरोबर असायचं.

तिसऱ्यांदा आला तेव्हा मात्र, रात्री मीटर रूममधला खटका (वीज आपोआप तोडणारा स्विच) पडतो म्हणून, त्यानं "उपाय" केला. मी घरी नव्हते. दोन सॉकेटांची अर्थिंगची वायर मागून सोडवून टेप गुंडाळून ठेवली. त्यानंतर आठ दिवस काही झालं नाही, म्हणून सगळे खूश. नवव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या ताई म्हणाल्या की चार्जर उचलताना हाताला मुंग्या येतात. ओल्या फरशीवर चपला न घालता उभ्या होत्या त्या.

इथे थांबून हे नीट सांगते, कारण मुंबईत हा "उपाय" गल्लोगल्ली चालतो. चार्जरच्या आत फेज आणि अर्थ यांच्यामध्ये, तसंच न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये छोटे कपॅसिटर असतात. चार्जरमधला विजेचा कचरा बाहेर लाइनवर जाऊ नये म्हणून. त्यांच्यातून थोडासा करंट सतत अर्थमध्ये जातच असतो. तो बिघाड नाही, रचनाच तशी आहे. अर्थिंग कापली की त्या करंटला जायला वाट राहत नाही आणि चार्जरचं धातूचं अंग २३० व्होल्टच्या साधारण अर्ध्यावर जाऊन तरंगत राहतं. मी मल्टिमीटरनं मोजलं, ११२ व्होल्ट. करंट अगदी बारीक, म्हणून नुसत्या मुंग्या. पण उद्या त्याच चार्जरच्या आत फेजची वायर अंगाला टेकली, तर तो पूर्ण करंट माणसातूनच जाईल. अर्थ जागेवर असती तर खटका तिथल्या तिथे पडला असता. माणूस हात लावेपर्यंत वाट बघावी लागली नसती.

खटका पडतो म्हणून अर्थिंग कापणं म्हणजे ताप येतो म्हणून थर्मामीटर फोडणं. मी त्याच दिवशी दोन्ही वायरी परत लावून घेतल्या आणि रात्री खटका पुन्हा पडायला लागला. बरं झालं. निदान आता शोधता येणार होतं.

वही आणि वॉचमन

तीन आठवडे वही ठेवली. चार रकाने: पाऊस होता का, किती गाड्या लावल्या होत्या, चार्जिंग किती वाजता तुटलं, आणि सकाळी खटका पडलेला होता का. वेळ ॲपमध्ये दिसते, त्यासाठी जागं राहावं लागत नाही. ११:४०, २:१५, १२:५०, ३:०५. दिवसा एकदाही नाही. कोरड्या रात्री एकदाही नाही. पाऊस असूनही दोनच गाड्या लावल्या होत्या, त्या रात्रीही नाही. पाच किंवा सहा गाड्या आणि धो धो पाऊस, की पडलाच.

पडत होता तो मीटर रूममधला आरसीसीबी, ज्याला आपल्याकडे अजून बरेच जण ईएलसीबी म्हणतात. शेजारचा एमसीबी कधीच पडला नाही. हा फरक ओळखता येणं अर्धं काम आहे. एमसीबी पडला तर लोड जास्त झाला किंवा शॉर्ट सर्किट. आरसीसीबी पडला तर कुठेतरी करंट गळतोय: फेजमधून जेवढा गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला नाही. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो. त्याला ३० वर पडायलाच हवं, आणि १५ च्या खाली पडायचं नाही. १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडला तरी तो बरोबरच.

म्हणजे "लोड वाढलाय, मोठा खटका बसवा" हा सल्ला चुकीचा होता. आमच्या कमिटीनं त्यासाठी कोटेशनसुद्धा मागवलं होतं.

आता खरी गंमत. एका रात्री उशिरा परतले तर गेटवर अंधार. वॉचमन टॉर्च घेऊन बसलेला. मी म्हटलं, लाइट गेली का? तो म्हणाला, "नहीं मॅडम, बिल्डिंग में है. वो गाडीवाला बंद होता है तो ये कंपाउंड का लाइट भी जाता है ना. हमेशा."

हमेशा! गेली दोन वर्षं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मीटर रूमची किल्ली सेक्रेटरीकाकांकडे, ते दहाला झोपणार, त्यामुळे खटका वर करायचा प्रश्नच नव्हता. तो बिचारा टॉर्च लावून बसायचा.

त्या एका वाक्यात सगळं होतं. कंपाउंडच्या भिंतीवरचे दिवे आणि पार्किंगचे सहाही सॉकेट एकाच आरसीसीबीवर होते. दिवे टायमरवर, संध्याकाळी सातला लागणार आणि सकाळी सहाला विझणार. म्हणूनच वायरमनला सकाळी अकराला काही सापडत नव्हतं. त्या वेळी दिवे बंद, गाड्या ऑफिसात.

मोजलं तेव्हा

हॉस्पिटलमधून गळती मोजायचा क्लॅम्प मीटर एका रात्रीपुरता मागून आणला. साधा क्लॅम्प इथे चालत नाही, त्याला मिलिअँपिअर दिसत नाहीत. पद्धत सोपी आहे. फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकत्र क्लॅम्पच्या जबड्यात घ्यायच्या. जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात, उरतो तो गळणारा. (सोपी म्हणजे मला सोपी. मीटर रूममधलं पॅनल उघडायचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. मीही घेतलं, नुसती शेजारी उभी राहिले.)

सहा चार्जर एकेक करून मोजले. ०.७, ०.७, ०.९, ०.८, १.२ आणि २.९ मिलिअँपिअर. शेवटचा तळमजल्यावरच्या काकांचा. कंपनीचा चार्जर बिघडल्यावर त्यांनी बाहेरून स्वस्तातला आणला होता. सगळे मिळून ७.२. एकट्यानं कुणीही खटका पाडण्याच्या जवळपाससुद्धा नाही.

मग दिव्यांची लाइन. कोरड्या दिवशी १ च्या आत. त्या रात्री पावसात १५.५.

सगळं एकत्र चालू असताना १७ च्या आसपास. (७.२ आणि १५.५ मिळून २२.७ व्हायला हवे होते, असं म्हणणारे भेटतील. पण एक गळती कपॅसिटरची आणि दुसरी ओलाव्याची, त्यांची बेरीज सरळ होत नाही.) आरसीसीबी तपासायच्या खास टेस्टरनं बघितलं तर आमचा २२ ला पडत होता. म्हणजे पावसाळी रात्री तो कायम काठावर उभा. तेवढ्यात क्षणभर लाइट गेली आणि आली, की सहाही चार्जरचे कपॅसिटर एकदम भरतात, त्या क्षणी गळतीचा झटका बसतो आणि खटका पडतो. पावसात असं लुकलुकणं किती वेळा होतं ते मुंबईकरांना सांगायला नको.

दिवे उघडले. पाच दिव्यांपैकी गेटाजवळच्या एकात अर्धा पेला पाणी, त्यात मेलेले किडे, आणि कनेक्टर हिरवागार. मेगर (इन्सुलेशन किती शाबूत आहे ते मोजायचं यंत्र) लावला तर १५ किलोओहम. कमीत कमी १ मेगाओहम हवं असतं. तो दिवा काढून टाकल्यावर त्याच रात्री, त्याच पावसात सगळ्यांची मिळून गळती ८ च्या आत आली.

एका दिव्यात गेलेल्या पाण्यापायी दोन पावसाळे सहा गाड्या अर्धपोटी राहिल्या.

नंतर कायमचं करून घेतलं ते असं. कंपाउंडचे दिवे वेगळ्या सर्किटवर, त्यांचा आरसीसीबी वेगळा. प्रत्येक चार्जिंग सॉकेटला स्वतःचा आरसीबीओ, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकात असलेला. तो टाइप ए चा घ्या. साधा टाइप एसी स्वस्त पडतो, पण चार्जरसारख्या इलेक्ट्रॉनिक यंत्राच्या बिघाडात गळती नेहमी शुद्ध एसी नसते, आणि ती तशी नसली की टाइप एसी आंधळा होऊ शकतो. सॉकेटपर्यंत २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर. प्रत्येकाचा खर्च ज्यानं त्यानं दिला. मीटिंगमध्ये यावर दोन तास गेले आणि चहा तीनदा झाला.

मग २२ टक्क्यांवर गाडी का मेली?

ज्यांनी बॅटरी बदलायची तयारी केली आहे त्यांनी हा भाग आधी वाचावा.

माझ्या स्कूटरचा पॅक एलएफपीचा, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. १६ सेल एकापुढे एक, प्रत्येक ३.२ व्होल्टचा. या सेलची खोड अशी की मधल्या मोठ्या पट्ट्यात, साधारण २० पासून ९० टक्क्यांपर्यंत, त्याचं व्होल्टेज जवळजवळ हलतच नाही. व्होल्टेज बघून किती शिल्लक आहे ते सांगता येत नाही. म्हणून आतला बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, किराणा दुकानदारासारखी वही ठेवतो: इतका आत आला, इतका बाहेर गेला. प्रत्येक नोंदीत किंचित चूक होते. ती चूक पुसली जाते कधी? पॅक १०० टक्के भरतो तेव्हा. तिथे व्होल्टेज झपकन चढतं, बीएमएसला खूण पटते आणि वही नव्यानं सुरू होते. तीन-चार आठवडे १०० क्वचितच गाठले गेले तर काट्यावरचे २२ हे फक्त वहीतले २२. पॅकमध्ये त्यापेक्षा कमी असतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. सोळा सेल जुळ्यांसारखे दिसले तरी सारखे नसतात. एखादा किंचित मागे पडतो. बहुतेक बीएमएस त्यांना समान करतात ते चार्जिंगच्या अगदी शेवटी: जे आधी भरले त्यांच्यातला जादा करंट रेझिस्टरमधून जिरवायचा आणि मागच्याला वर येऊ द्यायचं. हा जिरवण्याचा करंट फार बारीक असतो, ५० मिलिअँपिअर धरा. एक अँपिअर-तासाचा फरक पडला असेल तर तो मिटायला २० तास लागतात. चार्जिंग वारंवार ५४ टक्क्यांवर तुटत असेल तर ही पायरी पुरी होतच नाही. मागे पडलेला सेल आणखी मागे पडत जातो आणि एक दिवस, बाकीच्या पंधरांत भरपूर शिल्लक असताना, तो एकटा तळ गाठतो. त्याला वाचवायला बीएमएस अख्खा पॅक बंद करतो. साखळीतली एक कडी सुटते आणि तुम्ही आयआयटीच्या गेटापाशी उभे.

म्हणजे गाडी बंद पडली ती बॅटरी गेली म्हणून नाही. बीएमएसनं त्याचं काम चोख केलं म्हणून.

उपाय काय केला? काही विकत आणलं नाही. सॉकेट दुरुस्त झाल्यावर लागोपाठ तीन रात्री स्कूटर १०० पर्यंत भरली, आणि १०० दिसल्यावरही चार-पाच तास प्लग काढला नाही. पहिल्या रात्री गंमत झाली, ९७ वर आकडा अडकला तो दोन तास हलेना. तेव्हा आत समान करणं चालू असतं, घाबरून प्लग काढू नका. चौथ्या दिवसापासून गाडी ८ टक्क्यांपर्यंत न कुरकुरता आली. सर्व्हिस सेंटरच्याच लॅपटॉपवर आधी तळाशी सेलमधला फरक ०.२४ व्होल्ट होता, नंतर ०.०४. त्या मुलानं दोन्ही आकडे बघितले आणि म्हणाला, "मॅडम, कधी कधी होतं असं." असो.

तुमचा पॅक एनएमसीचा, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टचा असेल (सेल ३.६–३.७ व्होल्टचा, भरल्यावर ४.२) तर काटा इतका फसवत नाही, कारण त्याचं व्होल्टेज उतरत उतरत येतं. त्याला रोज १०० भरून ठेवणं मानवतही नाही, ८०-९० वर थांबलेलं बरं. पण महिन्यातून एक-दोनदा पूर्ण चार्ज त्यालाही हवाच. कुठला पॅक आहे ते माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. शेजाऱ्याच्या गाडीचा नियम आपल्या गाडीला लावू नका, आमच्याकडचा निम्मा वाद त्यातूनच झाला.

सॉकेट हात लावून बघा

हे सगळं चालू असताना एक वेगळीच गोष्ट सापडली आणि मला ती खटक्यापेक्षा जास्त भीतीदायक वाटते. चौथ्या नंबरच्या सॉकेटचं एक भोक तपकिरी झालं होतं. आत पत्ती सैल. स्कूटरचा चार्जर ३ अँपिअरच घेतो, त्यामुळे एमसीबीला काहीच कळत नाही. पण सैल पत्तीत अर्ध्या ओहमचा अडथळा आला तरी ३ गुणिले ३ गुणिले अर्धा, म्हणजे साडेचार वॉट उष्णता एका चिमूटभर पितळेत रात्रभर. प्लास्टिक मऊ पडतं, पत्ती आणखी सैल होते, अडथळा आणखी वाढतो. त्याच सॉकेटवर उद्या कुणी कार लावली, १३ अँपिअरनं, तर तेच गणित ८४ वॉटवर जातं. तिथून आग फार लांब नसते, आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते "ईव्हीला आग" अशी.

चार्जिंग सुरू करून तासाभरानं स्विच बंद करा, प्लग काढा आणि पिनांजवळ हाताची मागची बाजू न्या. कोमट ठीक. हात मागे घ्यावासा वाटला तर तो सॉकेट वापरू नका. १६ अँपिअरचा चांगला सॉकेट चार-पाचशे रुपयांत येतो. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली सोडलेला एक्स्टेंशन बोर्ड, त्याची ती पातळ चपटी वायर, उरलेली वेटोळं करून गजाला टांगलेली... हे दृश्य आमच्याकडेही होतं. वेटोळ्यातली वायर मधोमध तापते आणि पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत थेट बोर्डात शिरतं.

"पण लिथियम म्हणजे बॉम्बच ना?"

मीटिंगमध्ये हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी हसले नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात रात्री चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी फुटली आणि एक सात वर्षांचा मुलगा गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये तमिळनाडूत वेल्लोरला रात्री चार्जिंगला लावलेल्या स्कूटरनं पेट घेतला, धुरात बाप-लेक गुदमरले. पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी स्कूटर जळाली, एप्रिलमध्ये नाशिकला कंटेनरमधल्या २० स्कूटर. भीती हवेतून आलेली नाही.

त्यानंतर नियम कडक झाले. एआयएस-१५६ हे बॅटरीच्या सुरक्षिततेचं मानक सुधारून दोन टप्प्यांत लागू झालं, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३. एक सेल पेटला तरी आग बाकीच्या पॅकमध्ये पसरू नये याची चाचणी त्यात आली. त्यामुळे जुनी गाडी विकत घेत असाल तर ती मार्च २०२३ च्या आधीची की नंतरची, हा प्रश्न किमतीइतकाच महत्त्वाचा. एलएफपी सेल तापून स्वतःच पेटायला एनएमसीपेक्षा जास्त उष्णता लागते. याचा अर्थ तो पेटत नाही असा नाही.

बॅटरी खरंच बिघडली आहे हे सांगणाऱ्या खुणा वेगळ्या असतात. गाडी नुसती उभी असताना पॅक गरम लागणं, पॅक फुगणं, गोडसर किंवा थिनरसारखा वास, फुसफुस आवाज, रात्रभर न वापरता टक्के उतरणं. यातलं काही दिसलं तर वर लिहिलेला कुठलाही उपाय करू नका. चार्जिंग बंद, आणि धूर किंवा आवाज नसेल तरच गाडी ढकलत उघड्यावर, भिंतीपासून आणि दुसऱ्या गाड्यांपासून लांब. धूर दिसला तर गाडीकडे जायचंच नाही, १०१ लावायचा. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू असतो. पार्किंगमधला पावडरचा सिलिंडर ज्वाळा खाली बसवतो, पण पॅक आतून तापलेलाच राहतो आणि पुन्हा पेटतो. तो थंड करायला भरपूर पाणी लागतं, आणि ते अग्निशमन दलाकडे असतं.

पॅक काढून घरात नेता येत असेल तर दाराजवळ चार्जिंगला लावू नका. आपल्या घरांत दार एकच असतं. वाट अडली तर जायचं कुठून? आणि झोपताना तर नाहीच.

पाण्याबद्दल एवढंच. पॅकवर आयपी-६७ लिहिलेलं असतं, म्हणजे एक मीटर स्वच्छ पाण्यात अर्धा तास. आपल्याकडे तुंबतं ते स्वच्छ पाणी नसतं, आणि भरतीच्या वेळी तर त्यात खारं पाणीही मिसळतं. २०२२ मध्ये इयान वादळानंतर फ्लोरिडात समुद्राचं पाणी शिरलेल्या गाड्या काही दिवसांनीही पेटत होत्या. गाडी पॅकपर्यंत बुडाली असेल तर वाळवून बघू म्हणून चार्जर लावू नका. ती उघड्यावर उभी करा आणि सर्व्हिसवाल्याला तिथेच बोलवा.

तुमच्याकडे असंच होत असेल तर

मी पुन्हा केलं असतं तर याच क्रमानं केलं असतं. सकाळी चार्जिंग तुटलेलं दिसलं की चार्जरला हात लावण्याआधी मीटर रूममध्ये जा आणि नेमका कुठला खटका पडलाय त्याचा फोटो काढा. कुठलाच पडला नसेल तर सैल सॉकेट, तापून स्वतःहून थांबलेला चार्जर किंवा रात्री गेलेली लाइट यांपैकी काहीतरी. बंद पेटीत किंवा डिकीत ठेवलेला चार्जर हमखास तापतो, त्याच्या पंख्याला हवा हवी. एमसीबी पडला असेल तर वायर आणि लोड. आरसीसीबी पडला असेल तर त्याच खटक्यावर आणखी काय काय आहे ते शोधा: पंप, गेटचा दिवा, वॉचमनच्या केबिनमधली किटली, काहीही. एकेक बंद ठेवून रात्री काढा. आणि तपासणी रात्रीच, पावसातच करा.

आणि वॉचमनला विचारा. तेही आधी.

आमच्याकडे या जुलैत आतापर्यंत माझं चार्जिंग एकदाही तुटलेलं नाही. सातवी स्कूटर आली आहे, तिच्यासाठी सॉकेट बसवायचा ठराव पुढच्या मीटिंगला आहे. २.९ मिलिअँपिअरवाल्या काकांनी चार्जर बदललेला नाही, "चालतोय ना, मग कशाला?" हे त्यांचं म्हणणं कायम आहे. परवाच्या पावसात चार्जरवर पाणी ठिबकून त्यांचा खटका पडला. पण आता तो त्यांच्या एकट्याचाच पडतो. सकाळी सहाला लुंगीवर, छत्री घेऊन, ते स्वतः खाली येऊन वर करतात.